टॉन्सिलची शस्त्रक्रिया : रुग्णालयातील एक दिवस आणि घरातील चौदा दिवस

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





वार्षिक सभेत प्रशासनाने बोलायचे म्हणजे आकडे वाचून दाखवायचे, असा एक संकेत पडून गेला आहे. ते आकडे ताळेबंदासह या अहवालाच्या पुढील पानांवर छापले आहेतच. आज आम्ही आपला वेळ एकाच लहानशा शस्त्रक्रियेसाठी मागत आहोत, ती म्हणजे लहान मुलांच्या टॉन्सिलची शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियागृहात तिला साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो. मूल त्याच दिवशी किंवा एक रात्र राहून घरी जाते. बिल पूर्ण होते, नोंद बंद होते आणि आम्हा हिशेबाच्या माणसांच्या लेखी तो रुग्ण बरा झालेला असतो. प्रत्यक्षात उपचाराचा निम्मा भाग तेथून पुढे सुरू होतो. तो काळाचौकी, लालबाग, कॉटन ग्रीन, शिवडी येथील एक-दोन खोल्यांच्या घरांत, आई आणि आजी यांच्या हातून पार पडतो. त्या निम्म्या भागाचा विचार रुग्णालयाने आणि देणगीदारांनी करावा, एवढेच आम्हाला आज मांडायचे आहे. यातील वैद्यकीय माहिती आमच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आणि भूलतज्ज्ञांनी तपासून दिलेली आहे.

आधी थोडे टॉन्सिलविषयी. पुष्कळ पालक घशाच्या मध्यभागी लोंबणाऱ्या पडजिभेलाच टॉन्सिल समजतात. टॉन्सिल म्हणजे घशाच्या दोन्ही बाजूंना, जिभेच्या मुळाशी असलेल्या दोन मांसल गाठी. शरीराच्या संरक्षणव्यवस्थेचा त्या एक भाग आहेत. लहान वयात त्या मोठ्या दिसतात आणि पुढे वयाबरोबर आकसत जातात. म्हणून केवळ मोठ्या दिसतात एवढ्या कारणाने त्या काढण्याचे प्रयोजन नाही. आपल्या परंपरेलाही हा विकार अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत तालुरोगांमध्ये ‘तुंडिकेरी’ या नावाने त्याचा उल्लेख सापडतो.

शस्त्रक्रिया करावी की करू नये, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. १९३४ साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुले डॉक्टरांना दाखवली असता त्यांनी १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. शिल्लक २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली, त्यांनी आणखी ९९ निवडली. उरलेली ११६ तिसऱ्यांदा दाखवली, तेव्हाही सुमारे निम्म्यांना तोच सल्ला मिळाला. गरज मोजण्याचे निश्चित माप हाती नसले की किती मुलांवर अकारण शस्त्र चालते, हे त्या पाहणीने दाखवून दिले.

आज असे माप उपलब्ध आहे. घशाच्या वारंवार होणाऱ्या संसर्गासाठी तज्ज्ञ जो निकष सामान्यतः मानतात तो असा : एका वर्षात सात वेळा, किंवा लागोपाठ दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा लागोपाठ तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा घसा धरणे; आणि त्या प्रत्येक वेळी ताप, मानेतील सुजलेल्या गाठी, टॉन्सिलवरील पू यांसारख्या लक्षणांची नोंद असणे. ही नोंद महत्त्वाची. ‘त्याला नेहमीच होते’ या वाक्यावर डॉक्टरांना निर्णय घेता येत नाही. म्हणून प्रत्येक तापाची तारीख एका वहीत लिहून ठेवावी, अशी आमची पालकांना विनंती असते. या मापात न बसणारी मुले काही काळ निरीक्षणाखाली ठेवली जातात. त्या काळात डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक मध्येच सोडू नये, कारण घशातील काही जंतूंच्या संसर्गाकडे दुर्लक्ष झाल्यास पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते.

दुसरे कारण झोपेतील श्वासाचे. टॉन्सिल आणि नाकाच्या मागील अ‍ॅडिनॉइड वाढल्याने मूल तोंडाने श्वास घेते, जोराने घोरते, मध्येच श्वास थांबतो आणि दचकून पुन्हा सुरू होतो. असे मूल दिवसा चिडचिडे असते, वर्गात पेंगते, कधी मोठ्या वयातही अंथरूण ओले करते. अशा ४६४ मुलांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया लवकर झालेल्या मुलांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी पूर्ववत आली. केवळ लक्ष ठेवलेल्या मुलांपैकी ४६ टक्के मुलांची तपासणीही पूर्ववत आली. पहिल्या गटातील मुलांची वागणूक आणि दैनंदिन स्वास्थ्य अधिक सुधारले, हेही खरे. शस्त्रक्रियेचा लाभ मोठा आहे आणि काही मुलांच्या बाबतीत धीर धरणेही योग्य ठरते, असे दोन्ही अर्थ या आकड्यांत आहेत. आमच्या विभागात या बाबतीत एक गोष्ट डॉक्टरांच्या उपयोगी पडते. एका खोलीत सारे कुटुंब झोपते, त्यामुळे मुलाचा श्वास कसा चालतो हे घरच्यांना नेमके ठाऊक असते. त्याचे दोन मिनिटांचे चित्रण मोबाइलवर करून आणल्यास तपासणीस मोठी मदत होते.

शस्त्रक्रिया ठरली की पालकांनी काही गोष्टी न विचारता सांगाव्यात. मुलाला नुकतीच सर्दी किंवा ताप येऊन गेला आहे काय, घरात कोणाला रक्त लवकर न थांबण्याचा विकार आहे काय, कोणती औषधे चालू आहेत, आणि तोंडात हलणारा दुधाचा दात आहे काय. सहा-सात वर्षांच्या मुलाचा सैल दात भूल देताना निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो, म्हणून भूलतज्ज्ञ तो आवर्जून विचारतात. उपाशी ठेवण्याचा नियमही काटेकोर पाळावा लागतो. जेवण आणि दूध भुलेच्या सहा तास आधी बंद करायचे. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. पहाटे मूल रडले म्हणून मायेपोटी कपभर दूध दिले जाते. पोटात गेलेले दूध भुलेच्या दृष्टीने जेवणाइतकेच जड असते. ते उलटून फुप्फुसात गेले तर जिवावर बेतू शकते. अशा वेळी शस्त्रक्रिया पुढे ढकलतात, त्यामागे डॉक्टरांचा हेकटपणा नसतो, हे कृपया ध्यानात घ्यावे. शस्त्रक्रिया तोंडातूनच होते. गळ्यावर बाहेर कोठेही चीर पडत नाही.

आता घरातील चौदा दिवसांकडे वळू.

पहिल्या दोन दिवसांत मूल मलूल असते, थोडा ताप येतो, आवाज बदलतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणे कमी होण्याऐवजी वाढल्यासारखे वाटते. पुष्कळ मुले कान दुखतो म्हणून रडतात. कानात काही झालेले नसते. घशाची आणि कानाची संवेदना वाहणाऱ्या नसा जोडलेल्या असल्याने घशाची वेदना कानात जाणवते. कानात तेल घालू नये. घशात पाहिल्यास दोन्ही बाजूंना पांढरा-पिवळसर थर दिसतो आणि तोंडाला दुर्गंधी येते. तो पू नव्हे. जखम भरताना येणारी ती खपली आहे. ती खरवडू नये, बोटाने पुसू नये. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ती आपोआप गळून पडते.

या काळातील सर्वांत मोठे औषध म्हणजे पाणी. दुखते म्हणून मूल गिळत नाही, गिळत नाही म्हणून घसा कोरडा पडतो आणि कोरडा घसा आणखी दुखतो. हे चक्र मोडायचे तर वेदनाशामक औषध ठरल्या वेळी द्यावे, मूल रडेपर्यंत थांबू नये. पहिले काही दिवस रात्रीची मात्राही चुकवू नये. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, म्हणून मोठ्या भावंडाच्या बाटलीतले औषध धाकट्याला देऊ नये. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात देऊ नये. कोडीन असलेले खोकल्याचे औषध दुकानातून परस्पर आणू नये. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली काही मुले दगावल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली त्याविरुद्ध कडक इशारा दिला आणि २०१७ साली बारा वर्षांखालील मुलांसाठी ते वर्ज्य ठरवले. काही मुलांच्या शरीरात त्याचे मॉर्फिन फार वेगाने तयार होऊन श्वास मंदावतो, हे त्याचे कारण.

खाण्याच्या बाबतीत आपल्या स्वयंपाकघरात सारे काही आहे. भाताची पेज, मऊ वरणभात, रव्याची किंवा साबुदाण्याची खीर, नाचणीचे सत्त्व, केळे, दुधात भिजवलेली इडली, थंड दूध. आईस्क्रीम द्यावे काय, असे पालक संकोचाने विचारतात, अवश्य द्यावे. गरम आणि तिखट टाळावे, तसेच लिंबू, संत्रे, चिंच यांसारखे आंबट टाळावे. लाल रंगाचे सरबत किंवा कोकम देऊ नये. उलटी झाल्यास रक्त कोणते आणि रंग कोणता हे कळत नाही. टोस्ट, खारी, चकली आणि फरसाण दोन आठवडे दूर ठेवावे. चिवडा गल्लीच्या शेजारी राहणाऱ्या मुलाला चिवड्यापासून दूर ठेवणे किती कठीण आहे याची आम्हाला जाणीव आहे. तरीही खपली निघण्याच्या दिवसांत एखादा कुरकुरीत तुकडा जखमेला लागू शकतो.

आमच्या विभागातील बहुतेक पालक ही शस्त्रक्रिया मे महिन्याच्या सुट्टीत करून घेतात. शाळा बुडत नाही हे खरे. पण त्याच दिवसांत घरोघरी वर्षाचा मसाला होतो. लालबागच्या बाजारातून मिरची येते, ती वाळवली, भाजली आणि कुटली जाते. त्या खाटाने निरोगी माणसालाही ठसका लागतो. ताज्या जखमेवर जोराचा खोकला हितकर नाही. मसाल्याचे काम तेवढे पंधरा दिवस मागेपुढे करावे, किंवा ते चालू असता मुलाला शेजाऱ्यांकडे बसवावे. दुसरी अडचण गावाची. काळाचौकीतील किती तरी घरांची मुळे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आहेत. चौथ्या दिवशी मूल हसू-खेळू लागले की रात्रीच्या गाडीने कोकण गाठावे असा मोह होतो. आमची कळकळीची विनंती आहे की, चौदा दिवस मुंबई सोडू नये. धोका असतो तो नेमका पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास, आणि त्या वेळी मूल घाटातल्या गाडीत किंवा तालुक्यापासून दूर असलेल्या वाडीत असता कामा नये. गणेशोत्सवापूर्वी शस्त्रक्रिया उरकून घेऊ म्हणणाऱ्यांनीही हाच हिशेब करावा. गर्दीत संसर्गाची भीती असते, आणि उत्सवाच्या दहा दिवसांत लालबाग-परळच्या रस्त्यांवरून रुग्णाला घेऊन वेळेत पोहोचणे सोपे नसते.

तो धोका म्हणजे रक्तस्राव. बहुतेक मुलांना तो होत नाही. ज्यांना होतो त्यांच्यात तो पहिल्या चोवीस तासांत किंवा खपली गळताना होतो. तोंडातून ताजे लाल रक्त येणे, उलटीत रक्त किंवा कॉफीसारखा काळसर पदार्थ दिसणे, आणि झोपेत मूल पुन्हा पुन्हा आवंढा गिळत राहणे, या त्याच्या खुणा आहेत. तिसरी खूण सर्वांत फसवी असते, कारण रक्त पोटात जात असते आणि बाहेर काही दिसत नाही. अशा वेळी मुलाला पुढे झुकवून बसवावे किंवा कुशीवर वळवावे, खायला-प्यायला काही देऊ नये आणि तत्काळ रुग्णालयात आणावे. वाटेत रक्त थांबले तरी परत फिरू नये. काही कारणाने आमच्याकडे येणे शक्य नसेल तर परळचे केईएम रुग्णालय आणि मुलांचे वाडिया रुग्णालय आपल्या विभागापासून जवळ आहेत. तेथे नेण्यास क्षणाचाही विलंब लावू नये. याखेरीज मूल काहीच पीत नसेल, आठ-दहा तासांत लघवी झाली नसेल, ताप उतरत नसेल, किंवा श्वासाला त्रास होत असेल, तरीही वाट पाहू नये.

येथे एका मुलाची हकिकत सांगणे उचित होईल. जवळच्याच एका चाळीतील आठ वर्षांचा हा मुलगा शस्त्रक्रियेनंतर नवव्या रात्रीपर्यंत अगदी ठणठणीत होता. आईवडील दोघेही दिवसभराच्या कामाने गाढ झोपलेले होते. शेजारी निजलेल्या आजीला नातू झोपेत सारखा गिळतो आहे असे जाणवले. तिने दिवा लावून त्याला उठवून बसवले, तेव्हा तोंडातून रक्त आले. त्याने पाणी मागितले, तरी तिने दिले नाही. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनी टॅक्सी आणली आणि थोड्याच वेळात मूल आमच्या दारात होते. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी उपचार केले, रक्त थांबले आणि दोन दिवसांनी तो घरी गेला. आजींना लिहिता-वाचता येत नाही. तुम्हाला हे कसे कळले, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “तुमच्या सिस्टरने मला बसवून वाचून दाखवलं होतं, पोरगं झोपेत गिळायला लागलं तर उठव म्हणून.”

डिस्चार्ज कार्डाच्या मागे छापलेला मजकूर पुरेसा आहे, असे समजणे प्रशासनाला सोयीचे असते. या प्रसंगानंतर आम्ही एक नियम केला. मूल घरी सोडताना सूचना मोठ्याने वाचून दाखवायच्या, आणि त्या रात्री मुलाच्या शेजारी जो झोपणार असेल त्यालाच वाचून दाखवायच्या. ती व्यक्ती उपस्थित नसेल तर ती येईपर्यंत मूल घरी सोडायचे नाही. या नियमाला खर्च नाही, परिचारिकेची पंधरा मिनिटे मात्र लागतात. ती पंधरा मिनिटे देणाऱ्या आमच्या परिचारिका भगिनींचे आम्ही जाहीर आभार मानतो.

आता देणगीदारांसाठी दोन शब्द. एके काळी या विभागातील घरांना गिरणीचा आधार होता. गिरणी कामगाराच्या कुटुंबाला राज्य कामगार विमा योजनेचे कार्ड असे आणि परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय त्यांचे हक्काचे असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि नोकरीबरोबर ते कार्डही गेले. त्या कामगारांची नातवंडे आज आमच्या मुलांच्या विभागात येतात. त्यांचे पालक कोठे सामान पोहोचवतात, कोठे दुकानात उभे राहतात, कोठे घरकाम करतात. त्यांतील अनेकांना भरपगारी रजा नाही. चौदा दिवस मुलाजवळ बसायचे म्हणजे चौदा दिवसांची मजुरी सोडायची.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक खाली उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांतील दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवल्या जातात. त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा केली जाते. पात्र पालकांनी शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन आमच्या समाजसेविकांना संकोच न बाळगता भेटावे. हा कोणाचा उपकार नसून त्यांचा हक्क आहे. मात्र हा निधी रुग्णालयातील उपचाराचा खर्च भागवतो. घरातील चौदा दिवसांचा खर्च त्याच्या कक्षेत येत नाही. तिसऱ्या दिवशी मूल जरा खेळते दिसले की आई कामावर जाते आणि मूल धाकट्या बहिणीच्या स्वाधीन होते. त्यात आईचा दोष काढण्याचा अधिकार आम्हाला नाही.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही तीन गोष्टी विनयपूर्वक ठेवीत आहोत. पहिली, गरजू मुलांना घरी सोडताना पूर्ण काळाची वेदनाशामक औषधे रुग्णालयाने सोबत द्यावीत, जेणेकरून चौथ्या दिवशी बाटली संपली म्हणून मात्रा थांबणार नाही. दुसरी, दुसऱ्या, पाचव्या आणि आठव्या दिवशी परिचारिकेने प्रत्येक घरी दूरध्वनी करून मूल किती पाणी पिते याची विचारपूस करावी. तिसरी, निर्धन कुटुंबातील एका पालकाला त्या दिवसांच्या बुडालेल्या मजुरीचा काही अंश देता यावा यासाठी देणग्यांतून एक लहान स्वतंत्र निधी उभारावा आणि त्याचा जमाखर्च दरवर्षी याच अहवालात वेगळा छापावा.

नव्या यंत्रासाठी देणगी दिली की त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. चौदा दिवस आपल्या मुलाजवळ बसलेल्या आईच्या घरावर अशी पाटी लावता येणार नाही. त्या देणगीचे मोल तरीही तितकेच आहे, असे आम्ही हिशेबाची माणसे असूनही खात्रीने सांगतो.